आधी धड सावरा, मग पाऊल



आपल्या एका गटातल्या ताईंना बैठक चुकवली म्हणून आपण दोनदा दंड लावला होता. चालताना त्यांचा झोक जायचा, दुपारनंतर अंगातलं त्राणच संपायचं. कुणी आळशी म्हणालं, कुणी बाहेरची बाधा म्हणालं. मीसुद्धा "जरा मनावर घ्या" एवढंच सांगून आले. पुढे एमआरआय झाला आणि आजाराचं नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस.

यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते. मोटारीच्या वायरीवरचं प्लास्टिक सोलवटलं की करंट नीट जात नाही ना, तसा मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. आजार बायकांत जास्त, बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतो. एकीचा दुसरीला लागत नाही.

डोक्यावर हंडा घेऊन पाय चालतात, पण तोल कोण सांभाळतं? पोट, पाठ, कंबर आणि ओटीपोटाचे स्नायू. फिजिओथेरपिस्ट त्यांना 'कोअर' म्हणतात. आपण हात पुढे करायच्या आतच हे स्नायू धड घट्ट धरतात. एमएसमध्ये ही पकड सैल पडू शकते. मग पायात ताकद असली तरी तोल जातो.

त्या ताईंना शिकवलेला एक व्यायाम सांगते. न डगमगणाऱ्या स्टुलावर ताठ बसायचं, तळवे जमिनीला टेकलेले. बेंबी हळूच आत ओढून मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं. मोठ्याने अशासाठी, की श्वास कोंडत नाही. हे जमलं की एक टाच उचलायची, मग दुसरी. शेजारी कुणीतरी उभं हवंच. वेळ सकाळची, गारव्यातली. ऊन आणि चुलीच्या धगीने त्रास वाढतो. दमायच्या आधी थांबायचं. "अजून एक सरी" ही आपली शेतातली सवय इथे नको! कुणाला कोणता व्यायाम, ते मात्र फिजिओथेरपिस्टच तपासून ठरवतील.

व्यायामाने आजार जात नाही, औषधं सोडायची नाहीत. पण उठणं-बसणं, वळणं सोपं होऊ शकतं.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

त्या ताईंचा दंड गटाने परत केला. सतरंजीवरून उठणं त्यांना जड जातं, म्हणून बैठकीत आता एक खुर्ची असते.