अंबाडी : भाजी, बी आणि वाख

ज्वारीच्या किंवा कापसाच्या शेताच्या कडेने अंबाडीची एखादी ओळ पेरावी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत होय. घरच्यांना आंबट भाजी मिळे, बियांपासून तेल निघे आणि सालीच्या वाखापासून बैलांची दावी व कासरे वळले जात. एका रोपापासून इतक्या वस्तू मिळतात हे खरे. परंतु त्या सर्व एकाच वेळी उत्तम मिळत नाहीत. असे का होते, हे समजण्यासाठी या वनस्पतीची रचना पाहिली पाहिजे.

वनस्पतीची ओळख

अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस असे आहे. कापूस, भेंडी आणि जास्वंद यांच्याच कुलात तिची गणना होते. जगाच्या बाजारात तिला केनाफ म्हणतात. खोड सरळ असून ते दोन ते चार मीटर उंच वाढते व त्यावर बहुधा बारीक काटे असतात. फूल फिकट पिवळे असून त्याचा मध्यभाग गडद तांबडा असतो. लाल अंबाडी, म्हणजे हिबिस्कस सबदरिफा, ही तिची जवळची आप्त होय. तिच्या फुलाखालची पाकळ्यांसारखी दले मांसल होतात व त्यांची चटणी किंवा सरबत करतात. भारतीय व्यापारात या दोहोंच्या धाग्यास ‘मेस्ता’ हे एकच नाव आहे. पुसा येथील संशोधक आल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड यांनी 1911 साली या दोन्ही जातींच्या भारतीय वाणांचे वर्णन प्रसिद्ध केले.

धागा कोठे असतो?

खोडाच्या मधोमध हलका, पांढुरका लाकडी गाभा असतो. धागा त्यात नसून त्याभोवतीच्या अंतर्सालीत असतो. तेथील लांबट पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींस व गाभ्यास जोडलेल्या असतात. झाड ताठ उभे राहते ते काही अंशी या पेशींच्या बळावर. खोड जितके उंच व फांद्याविरहित, तितका वाख लांब. म्हणून वाखासाठी बी दाट पेरतात. भाजीसाठी शेंडे खुडले की बगलेतून फांद्या फुटतात आणि वाख आखूड होतो. स्वयंपाकघराची सोय व दोर वळणाऱ्याची सोय येथे परस्परविरोधी ठरतात.

पेरणी व कापणी

दिवस लहान होऊ लागले की अंबाडीस फुले येतात. त्यामुळे पेरणीस उशीर झाला, तर रोप उंच होण्यापूर्वीच फुलते. फुले येण्याच्या सुमारास कापलेल्या खोडाचा वाख मऊ व बळकट असतो. बी पिकेपर्यंत थांबल्यास तेलबी मिळते, परंतु धागा भरड व राठ होतो. तेव्हा वाख हवा की बी, हे शेतकऱ्यास आधीच ठरवावे लागते.

पाण्यातील काम

कापलेल्या खोडांच्या पेंढ्या बांधून त्या साठलेल्या किंवा संथ वाहत्या पाण्यात बुडवितात. पाण्यातील जीवाणू पेक्टिन खाऊन टाकतात व साल गाभ्यापासून सुटते. पाणी उबदार असल्यास हे काम लवकर होते. एरवी दोन-तीन आठवडेही लागतात. पेंढ्या लवकर काढल्या तर साल चिकटून राहते; उशीर झाला तर जीवाणू धाग्यासही दुबळा करतात. म्हणून अनुभवी शेतकरी रोज एखादे खोड सोलून पाहतो. या क्रियेत पाण्यातील प्राणवायू कमी होतो व दुर्गंधी सुटते. मासे मरण्याचाही संभव असतो. दख्खनच्या कोरड्या मुलखात पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्यात पेंढ्या टाकणे परवडणारे नाही. आधी साल सोलून केवळ तीच भिजविल्यास पाणी व वेळ दोन्ही कमी लागतात.

उपयोग : जुने व नवे

1947 च्या फाळणीत तागाच्या गिरण्या हुगळीकाठी भारतात राहिल्या, पण ताग पिकविणारी बरीचशी जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतात तागाबरोबर मेस्ताचीही लागवड वाढविण्यात आली. मेस्ताचा धागा तागाहून भरड असला, तरी गोणपाट व सुतळीसाठी तो चालतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1950 नंतर कागदास योग्य अशा पाचशेहून अधिक वनस्पतींची छाननी केली. त्यांत केनाफ अग्रगण्य ठरली. आज मोटारींच्या दारांच्या आतील फळ्यांतही तिचा धागा वापरतात, तर सच्छिद्र गाभा सांडलेले तेल शोषून घेण्यास उपयोगी पडतो.

नायलॉनचे दोर आल्यावर वाख काढण्याचे काम पुष्कळ गावांतून मागे पडले. नायलॉन पावसात कुजत नाही, ही त्याची सोय; पण टाकून दिल्यावरही ते कुजत नाही. वाखाचा दोर मात्र अखेर मातीत मिसळून जातो.

करून पाहा

अंबाडीचे एक कोवळे व एक बी धरलेले खोड घ्या. काटे लागू नयेत म्हणून हातास फडके गुंडाळा. दोन्हींचे वीतभर तुकडे वेगवेगळ्या भांड्यांत पाण्याखाली ठेवा व ती भांडी उघड्या जागी असू द्या. पाचव्या दिवसापासून रोज साल ओढून पाहा व कोणती आधी सुटते ते टिपून ठेवा. सुटलेला वाख धुऊन वाळवा, पीळ द्या आणि दोहोंची बळकटी ताडून पाहा.