सार्वजनिक प्रसारण संस्था आणि वरिष्ठांच्या वेतनाची जाहीर नोंद

सार्वजनिक प्रसारण संस्था ही शासनाचे खाते नसते आणि खासगी कंपनीही नसते. तिला पैसा जनतेकडून मिळतो. मात्र तिने शासनाच्या तंत्राने चालू नये, अशीही अपेक्षा असते. या दुहेरी स्वरूपामुळे तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न नेहमीच अवघड ठरतो. शासकीय अधिकाऱ्याची वेतनश्रेणी राजपत्रातून कळते. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीच्या संचालकाचे मानधन भागधारकांपुढे ठेवावे लागते. भारतात तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७ नुसार संचालकाचे मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे, हेही सांगावे लागते. प्रसारण संस्थेचा खरा भागधारक म्हणजे प्रेक्षक. त्याला काय सांगायचे, हा प्रश्न ब्रिटनमधील बीबीसीच्या इतिहासात सर्वाधिक स्पष्टपणे पुढे आला.

बीबीसी १९२७ पासून राजसनदेनुसार चालते. तिचे मुख्य उत्पन्न म्हणजे दूरचित्रवाणी पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने भरावयाचे परवाना शुल्क. २००९ मध्ये ते वर्षाला १४२.५० पौंड होते. कार्यक्रम पाहा वा न पाहा, शुल्क चुकत नाही. म्हणून ते कराच्या जवळचे ठरते. ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्य कायदा २००० चा असून तो जानेवारी २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. बीबीसी त्याच्या कक्षेत आहे, पण पत्रकारिता, कला व साहित्य या हेतूंसाठी बाळगलेली माहिती वगळून. वृत्तस्वातंत्र्यासाठी ठेवलेली ही सवलत योग्यच होती. तथापि व्यवस्थापनाच्या खर्चाला तिचे छत्र मिळू नये, ही मागणीही तितकीच रास्त होती.

मे २००९ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण उघडकीस आले आणि सार्वजनिक पैशातून वेतन घेणाऱ्या प्रत्येकाकडे लोक संशयाने पाहू लागले. पुढच्याच महिन्यात बीबीसीने वरिष्ठ व्यवस्थापकांचे खर्च प्रसिद्ध केले आणि त्या वर्षअखेरीपर्यंत शंभराहून अधिक वरिष्ठांची वेतने व खर्च नावानिशी जाहीर झाले. महासंचालक मार्क थॉम्प्सन यांची २००८-०९ मधील एकूण प्राप्ती ८ लाख ३४ हजार पौंड होती. देशाच्या पंतप्रधानांच्या वेतनाच्या कित्येक पट असलेला हा आकडा चर्चेचा विषय न होता तरच नवल! गुणी माणसे खासगी वाहिन्यांकडे जाऊ नयेत म्हणून बाजारभावाने वेतन द्यावे लागते, असा संस्थेचा युक्तिवाद होता. लोकप्रिय निवेदकाबाबत तो काहीसा पटतो. परंतु प्रशासकीय जबाबदारी सांभाळणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाला खासगी क्षेत्र हात पसरून बोलावत होते, असे मानणे कठीण आहे. २०१२ मध्ये नव्या महासंचालकांची नेमणूक साडेचार लाख पौंडांवर झाली, हेच त्या युक्तिवादाच्या मर्यादा दाखविण्यास पुरेसे आहे.

केवळ मासिक वा वार्षिक वेतनाचा आकडा जाहीर केल्याने चित्र पूर्ण होत नाही, हे लवकरच दिसले. नोव्हेंबर २०१२ मध्ये जॉर्ज एन्टविसल यांनी अवघ्या ५४ दिवसांनंतर महासंचालकपदाचा राजीनामा दिला. कराराप्रमाणे त्यांना सहा महिन्यांचे वेतन देय होते. दिले गेले वर्षभराचे, म्हणजे साडेचार लाख पौंड. जुलै २०१३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सेवासमाप्तीच्या रकमांवर अहवाल दिला. डिसेंबर २०१२ पर्यंतच्या तीन वर्षांत १५० वरिष्ठ व्यवस्थापकांना २.५ कोटी पौंड देण्यात आले होते. तपासलेल्या ६० प्रकरणांपैकी १४ मध्ये कराराने बांधील असलेल्या रकमेपेक्षा अधिक पैसे दिलेले आढळले. संसदेच्या लोकलेखा समितीने संस्थेच्या आजी-माजी धुरिणांना बोलावून उलटतपासणी केली. त्यानंतर सेवासमाप्तीच्या रकमेवर दीड लाख पौंडांची कमाल मर्यादा आली. विद्यार्थ्यांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. वेतनाचा आकडा जाहीर करणे हे प्रकटीकरण होय. ती रक्कम कोणत्या नियमाने व कोणाच्या मंजुरीने दिली, हे तपासणे म्हणजे लेखापरीक्षण. पहिल्याने प्रश्न निर्माण होतो, उत्तर मात्र दुसऱ्यातूनच मिळते.

जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नव्या सनदेने दीड लाख पौंडांहून अधिक वेतन घेणाऱ्यांची नावे वेतनगटांनुसार वार्षिक अहवालात देणे बंधनकारक केले. त्यात निवेदक व कलावंतही आले. पुढे ही मर्यादा १ लाख ७८ हजार पौंडांवर नेण्यात आली. जुलै २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या यादीत ९६ निवेदक-कलावंत होते. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुष होते आणि सर्वाधिक वेतनाच्या पहिल्या सात जणांत एकही स्त्री नव्हती. उधळपट्टी शोधण्यासाठी केलेल्या तरतुदीने भलतेच काही शोधून काढले, ते म्हणजे समान कामासाठी असमान वेतन.

चीनविषयक संपादक कॅरी ग्रेसी यांना आपल्या बरोबरीच्या पुरुष आंतरराष्ट्रीय संपादकांना किती मिळते, हे या यादीमुळेच कळले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडले. संस्थेने पुढे त्यांची माफी मागितली व थकबाकी दिली. ती रक्कम त्यांनी स्त्रियांच्या समानतेसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. काही पुरुष निवेदकांनी स्वतःच्या वेतनात कपात मान्य केली. समीरा अहमद यांचा दावा जानेवारी २०२० मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने मान्य केला. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांच्या कार्यक्रमासाठी त्यांना प्रत्येक भागामागे ४४० पौंड मिळत, तर तशाच स्वरूपाच्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या पुरुष निवेदकाला ३,००० पौंड. शेजारच्या मेजावरील व्यक्तीचे वेतन ठाऊक नसेल, तर समान वेतनाचा हक्क कागदावरच राहतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३९ (घ) मधील समान कामास समान वेतन हे तत्त्व अभ्यासतानाही हा मुद्दा उपयोगी पडेल.

या व्यवस्थेत पळवाटाही आहेत. बीबीसीच्या व्यापारी उपकंपनीमार्फत किंवा स्वतंत्र निर्मिती संस्थांमार्फत ज्यांना मानधन मिळते, त्यांची नावे यादीत येत नाहीत. त्यामुळे एखादे नाव यादीतून गायब झाले, तर वेतन कमी झाले की देणारा हात बदलला, हे केवळ यादीवरून सांगता येत नाही.

भारतात चित्र वेगळे आहे. प्रसार भारती कायदा १९९० चा. महामंडळ प्रत्यक्षात आले ते २३ नोव्हेंबर १९९७ रोजी. आकाशवाणी व दूरदर्शनमध्ये ५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले कर्मचारी प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि त्यांना केंद्र सरकारच्या वेतनश्रेणी लागू आहेत. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय सेवेतील सर्वोच्च मूळ वेतन, म्हणजे मंत्रिमंडळ सचिवाचे, दरमहा २,५०,००० रुपये ठरले. अशा चौकटीत गुप्ततेला फारसा वाव उरत नाही. ठरावीक श्रेणींच्या बाहेर, करारावर होणाऱ्या नेमणुकांबाबत मात्र तो राहू शकतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ (१) (ख) नुसार प्रत्येक अधिकारी व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन आणि ते ठरविण्याची पद्धत कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची असते. ब्रिटनप्रमाणे वेतनाची किमान मर्यादा येथे नाही. शिपायापासून प्रमुखापर्यंत सर्वांना नियम एकच. दुसऱ्या बाजूस, गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कर्मचाऱ्याची प्राप्तिकर विवरणपत्रे व त्याला दिलेले ज्ञापन ही वैयक्तिक माहिती ठरवून व्यापक जनहित सिद्ध झाल्याशिवाय ती देता येणार नाही, असे म्हटले. म्हणजे शासनाने दिलेले वेतन सार्वजनिक, पण त्या व्यक्तीचे संपूर्ण उत्पन्न खासगी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने कलम ८ (१) (ञ) मधील जनहिताचा अपवाद काढून टाकला. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. कलम ८ (२) मधील जनहिताची सर्वसाधारण तरतूद आणि कलम ४ चा मजकूर मात्र तसाच आहे.