दोर टाकला की माणूस वर येतो का?

प्रश्न : गेटवेसमोरच्या शिडाच्या बोटींवर मागच्या कठड्याला नालेच्या आकाराचा तरंगता पट्टा, पिशवीत भरलेला दोर, झेंडा लावलेली काठी असं बरंच काही अडकवलेलं दिसतं. कुणी पाण्यात पडलंच, तर दोर टाकून त्याला वर ओढता येत नाही का?

उत्तर : दोर पोचेल इतक्या जवळ बोट थांबत नाही, ही पहिली अडचण. 6 नॉट वेगाने चाललेली बोट मिनिटाभरात साधारण 185 मीटर पुढे गेलेली असते. शिडं फिरवून मागे येईपर्यंत आणखी वेळ जातो आणि लाटांमध्ये शोधायचं असतं ते नारळाएवढं डोकं. म्हणून झेंड्याची काठी ताबडतोब फेकतात. ती पाण्यात उभी तरंगते आणि दुरून दिसते. एकाने तर बाकी सगळं सोडून पडलेल्या माणसावरची नजर हलवायचीच नाही.

समजा, तो सापडला, बोट शेजारी आली. खरी कसोटी इथे सुरू होते. बोटीचा काठ पाण्यापासून सहज मीटरभर उंच असतो, वर कठड्याच्या तारा. पाण्यातला माणूस दमलेला, हात गळून गेलेले, कपडे भिजून जड झालेले आणि बोट सतत वरखाली होते आहे. ऐंशी किलोचा गडी अशा वेळी दोघांनाही वर खेचता येत नाही. शिवाय बोटीवर अनेकदा नवरा-बायको दोघंच असतात. पडला तो जड आणि वर राहिली ती हलकी, असं झालं तर?

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या सेलिंग फाउंडेशनने नेमका हा प्रश्न धरून ‘लाइफस्लिंग’ तयार केली. तुम्ही पाहिलेला पट्टा आणि पिशवीतला दोर बहुधा तिचेच. सुमारे 40 मीटर लांबीच्या तरंगत्या दोराच्या टोकाला हा पट्टा असतो. तो मागे सोडायचा आणि बोट पडलेल्या माणसाभोवती गोल फिरवायची. तरंगता दोर आपोआप त्याच्याकडे सरकत येतो. त्याने पट्टा काखेखाली घेतला की शिडं उतरवून बोट थांबवायची आणि त्याला शेजारी ओढून घ्यायचं. मग पट्ट्याच्या कड्यांना शीड चढवायचा दोर किंवा कप्प्यांची जोडणी अडकवून विंचने, म्हणजे दोर ओढणाऱ्या रहाटाने, उचलायचं. जोर हाताचा नाही, यंत्राचा. म्हणून एकटी बाईसुद्धा हे करू शकते. मला या सगळ्या सामानात हीच कल्पना सर्वांत मोलाची वाटते, कारण ती धडधाकट खलाशांची फौज गृहीत धरत नाही. इंजिन चालू असेल तर माणूस जवळ येताच ते न्यूट्रलला टाकावं, नाहीतर पंखा त्याच्या पायाशीच फिरत असतो.

थंड पाण्यात बराच वेळ राहिलेल्याला मात्र शक्यतो आडवं उचलतात. पाण्याचा दाब शरीरावरून अचानक गेला, की उभ्या माणसाचा रक्तदाब कोसळू शकतो. त्यासाठी त्रिकोणी कापडाची झोळी मिळते.

रात्री किंवा वादळात डोळ्यांचा उपयोग संपतो. तिथे लाइफ जॅकेटमध्ये बसवलेला छोटा एआयएस बीकन कामी येतो. पडलेल्याची जागा तो बोटीच्या पडद्यावर दाखवतो. 2014 मध्ये ‘क्लिपर’ या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीतला एक खलाशी पॅसिफिकमध्ये पडला आणि सुमारे दीड तासाने जिवंत सापडला, त्यात अशा बीकनचा मोठा वाटा होता. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या दोन महिला अधिकाऱ्यांनी 2024-25 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोघींच्या अशा सफरीत एक झोपली की डेकवर दुसरी एकटीच. ती पडली तर ओरडून सांगायला कुणी नाही.

म्हणून माझ्या मते पहिलं साधन म्हणजे माणसाला बोटीशी बांधून ठेवणारा पट्टा. फ्रान्सचा विख्यात दर्यावर्दी एरिक ताबार्ली जून 1998 मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ रात्री शीड बदलताना पडला. अंगावर असा पट्टा (हार्नेस) नव्हता. साथीदारांना तो सापडला नाही.

तुमच्या ओळखीत कुणाची बोट असेल, तर नांगर टाकलेला असताना, शांत पाण्यात ती पिशवी एकदा उघडायला सांगा. लाइफ जॅकेट घातलेला घरातला सर्वांत जड माणूस पाण्यात उतरवायचा आणि सर्वांत हलक्या माणसाने त्याला विंचने वर घ्यायचं. कोणता दोर अपुरा पडतो, कोणती कप्पी अडते, ते त्याच दिवशी कळेल.