डीव्हीडीच्या लेन्सवर गोल रेघा कशासाठी?

प्रश्न : घरात लग्नाच्या शूटिंगच्या सीड्या बऱ्याच आहेत, म्हणून जुना डीव्हीडी प्लेअर अजून भंगारात दिलेला नाही. परवा तो उघडला तर आतल्या इवल्याशा लेन्सवर एकात एक अशा गोल रेघा दिसल्या. रुमालाने पुसल्या तरी गेल्या नाहीत. त्याआधीच्या सीडी प्लेअरची लेन्स मात्र गुळगुळीत आहे. ही लेन्स घासली गेली आहे का?
– एक वाचक, शिरपूर जैन (ता. मालेगाव, जि. वाशिम)

उत्तर : नाही. आधी तो रुमाल बाजूला ठेवा. या रेघा कारखान्यातल्या साच्यातूनच लेन्सवर उमटलेल्या असतात. तुमच्या प्लेअरमध्ये सीडी आणि डीव्हीडी दोन्ही चालतात त्या बहुधा त्यांच्याच जिवावर.

मूळ भानगड तबकडीच्या जाडीची आहे. एक सीडी आणि एक डीव्हीडी हातात घ्या. जाडी दोन्हींची सारखीच, १.२ मिलिमीटर. आता डीव्हीडीची कड उजेडात तिरपी धरा. मधोमध बारीक सांधा दिसेल. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून डीव्हीडी बनते आणि तिच्यावरची माहिती त्या सांध्यापाशी असते. सीडीत ती पार वर, छापील बाजूच्या लगेच खाली असते. (सीडीवर टोकदार पेनाने नाव लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खालची चकचकीत बाजू स्वच्छ असूनही सीडी अडकते ती यामुळेच.) म्हणजे लेसरला सीडीत १.२ मिलिमीटर प्लास्टिक पार करावं लागतं, डीव्हीडीत त्याच्या निम्मं. एका जाडीसाठी घडवलेल्या लेन्ससमोर दुसरी जाडी आली की मधले किरण एकीकडे जमतात आणि कडेचे दुसरीकडे. सीडीवरच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीवर फक्त ०.७४. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर तेवढ्या रुंदीत डीव्हीडीच्या नव्वदहून अधिक ओळी मावतात. तिथे प्रकाशाचा ठिपका जरा पसरला की संपलं.

शिवाय लेसरही दोन. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल, सीडीला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. एकाच लाल लेसरवर का भागवलं नाही? कारखान्यात छापलेली गाण्यांची सीडी लाल लेसरनेही वाचता येते. पण तुमच्या लग्नाच्या सीड्या बहुधा फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर ‘राइट’ केलेल्या असणार. त्यांच्यातला रंगाचा थर ७८० साठी बनवलेला असतो आणि लाल प्रकाश तो गिळून टाकतो, परत फारसं काही येतच नाही. १९९६ मध्ये जपानात डीव्हीडी प्लेअर विकायला आले, तेव्हा सुरुवातीच्या काही प्लेअरना अशा सीड्या वाचताच येत नसत. मग दुसरा लेसर आला. काही कंपन्यांनी लेन्साही दोन बसवल्या. कामापुरतं ठीक, पण खर्च वाढला आणि हलते भागही वाढले.

रेघांची करामत इथे उपयोगी पडली. तुम्हाला रेघ दिसते ती खरं तर एक पायरी आहे, साधारण एक-सव्वा मायक्रॉन उंचीची. शेजारशेजारच्या पायऱ्यांवरून आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून नवी दिशा धरतात. शाळेत आपण ज्याला विवर्तन म्हणायचो ते हेच. साध्या भिंगात लांब लहरीचा प्रकाश कमी वळतो, विवर्तनात तो जास्त वळतो. या उलट्या स्वभावाचा फायदा घेऊन पायऱ्यांची रुंदी-उंची अशी बेतली जाते की एकाच लेन्समधून लाल प्रकाश ०.६ मिलिमीटर प्लास्टिकपलीकडे आणि ७८० चा प्रकाश १.२ मिलिमीटरपलीकडे नेमका जमावा. लेन्सचा मधला भाग दोघांच्या कामाचा, कडेचा फक्त डीव्हीडीच्या. सीडी चालू असताना कडेने आलेला प्रकाश मुद्दाम विखरू दिला जातो.

मला यातली सगळ्यात मोठी कमाल वाटते ती साच्याची. अशा पायऱ्या एकेका लेन्सवर कोरत बसलं तर लेन्स प्लेअरपेक्षा महाग पडेल. म्हणून साच्याच्या तोंडावर निकेलचा थर देतात आणि अतिसूक्ष्म लेथवर हिऱ्याच्या हत्याराने पायऱ्या त्या थरात कोरतात. मग वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचं, निवू द्यायचं, की लेन्स तयार. सगळे कष्ट साच्यापाशीच होतात, त्यामुळे पुढची प्रत्येक लेन्स स्वस्त पडते. जपानच्या कोनिका कंपनीने अशा प्लास्टिकच्या लेन्सांवर बरंच काम केलं. प्लास्टिक तापलं की त्याची प्रकाश वळवण्याची ताकद घटते आणि लेसरची लहरही तापल्यावर किंचित लांबते. काही लेन्सांत रेघांच्या मदतीने हा दोष सावरून घेतलेला असतो. वाशिमच्या मे महिन्यात ही सोय वाया जात नाही!

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या काही बहुकेंद्री लेन्सांवरही अशाच रेघा असतात, जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसावं म्हणून.

आता देखभालीचं. अधांतरी मानल्या जाणाऱ्या मूर्तीच्या, अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या गावच्या माणसाला अधांतरी राहण्याचं अप्रूप मी काय सांगणार! पण ही लेन्सही कशावर टेकलेली नसते. ती केसासारख्या बारीक तारांवर तोललेली असते आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्यांच्या जोरावर सतत वरखाली होत असते. बोटाने दाबली तर तारा वाकतात आणि चांगली लेन्स कामातून जाते. धूळ असेल तर हवेच्या रबरी फुग्याने उडवा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांचा थेंबही नको, प्लास्टिक पांढुरकं पडतं. प्लेअर उघडा आणि चालू असेल तर लेन्ससमोर डोळा नेऊ नका. दुकानदार ‘लेन्स गेली’ म्हणतो तेव्हा त्याला अख्खा पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्स असलेला सगळा भाग, म्हणायचा असतो, आणि त्यात बिघडलेलं असतं ते बऱ्याचदा लेसर, लेन्स नव्हे.

आणि राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर काळानुसार विटतो. प्लेअर चालू आहे तोवर लग्नाच्या सगळ्या सीड्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. एक प्रत नातेवाइकांकडेही ठेवा.