लिनक्सवरील खेळ आणि ग्राफिक्स कार्डाची निवड

प्रश्न : लिनक्सवर व्हिडिओ गेम खेळण्यासाठी कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे? (एक वाचक, शीव)

उत्तर : २०१८ साली व्हॉल्व्ह कंपनीने ‘प्रोटॉन’ हे साधन प्रसिद्ध केल्यापासून विंडोजसाठी रचलेले असंख्य खेळ ‘स्टीम’ या तिच्या खेळ-मंचामार्फत लिनक्सवर चालू लागले, तथापि ‘व्हॅलोरंट’सारखे, फसवणूक-प्रतिबंधक व्यवस्था थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसवणारे खेळ त्यास अपवाद आहेत, आणि तेच आपणांस खेळावयाचे असतील तर कार्ड बदलून कार्यभाग साधणार नाही. एरवी माझी निःसंदिग्ध शिफारस एएमडीची, कारण तिचे मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये व ‘मेसा’ या ग्राफिक्स-संग्रहात अंतर्भूत असतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बहुधा स्वतंत्रपणे बसवावा लागतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर खरेदीस जाताना पॉवर सप्लायची क्षमता व कॅबिनेटमधील मोकळी लांबी टिपून न्यावी, आणि वॉरंटीच्या दस्तऐवजासह पक्की पावती मिळाल्याखेरीज रक्कम अदा करू नये.