उबदार जमीन : प्रारणाने घर तापविण्याची रीत

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सिमेंटच्या छताखाली राहणाऱ्यांस एक अनुभव नित्याचा आहे. सूर्य मावळतो, बाहेरची हवा निवते, पंखाही चालू असतो. तरी खाटेवर पडलेल्या माणसास वरून झळ लागतच राहते. ही झळ हवेची नव्हे. तापलेल्या छतातून निघणारी उष्णता थेट अंगावर येते. शालेय पुस्तकांतील वहन, अभिसरण व प्रारण या तीन प्रकारांपैकी हे प्रारण होय. आपणांस नकोशा असलेल्या या गुणाचा थंड प्रदेशांतील लोकांनी मात्र घर उबदार ठेवण्यासाठी उपयोग करून घेतला आहे.

कोरियातील 'ओंदोल' हे त्याचे उत्तम उदाहरण. तेथील जुन्या घरांत स्वयंपाकघर सखल असे. चुलीचा धूर लगतच्या खोलीच्या जमिनीखालील पाटांतून फिरून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. पाटांवर सपाट दगड, त्यांवर मातीचा लेप आणि सर्वांत वर तेल दिलेला जाड कागद. सायंकाळच्या स्वयंपाकाची आच हे दगड रात्री उशिरापर्यंत धरून ठेवीत. चुलीकडील जागा अधिक उबदार. ती वडीलधाऱ्यांस व पाहुण्यांस देण्याची रीत होती.

विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाचे ठोकळे जाळले जाऊ लागले, तेव्हा या पद्धतीतील उणीव जिवावर बेतली. जमिनीच्या तड्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू खोलीत शिरे व माणसे झोपेतच दगावत. (बंद खोलीत पेटती शेगडी घेऊन निजणाऱ्यांस आपल्याकडेही हाच धोका आहे.) उपाय निघाला तो जमिनीखालून धुराऐवजी गरम पाणी खेळविण्याचा. आज तेथील सदनिकांत फरशीखाली नळ्यांची वेटोळी पुरलेली असतात.

हवा तापविली की ती छताकडे जाते आणि पाय गारच राहतात. जमीन तापविल्यास ऊब प्रथम पायांस मिळते. हवा किंचित थंड असली तरी अंगास सुख वाटते. फरशी सुमारे २९ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवीत नाहीत. त्यामुळे साधारणतः ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते आणि इंधन वाचते. मात्र जाड फरशी तापण्यास काही तास लागतात. तासभर भरणाऱ्या सभागृहास ही व्यवस्था सोयीची नाही. शिवाय नळी गळल्यास फरशी फोडावी लागते. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वीच नळ्या दाब देऊन तपासून घेतात.