विहारात तरुण का थांबत नाहीत?

प्रश्न : आमच्या विहारात रविवारच्या वंदनेला साठीच्या पुढचीच मंडळी असतात. तरुण आंबेडकर जयंतीला झाडून येतात, मग फिरकत नाहीत. काय करावं?

उत्तर : तरुणांना धम्म नको आहे, असं मानू नका. जयंतीला रात्रभर जागून मंडप उभारणाऱ्या मुलांना विहारात मात्र नुसतं ऐकायला बसवलं जातं, अडचण तिथे आहे. सुरुवात वर्षावासात करा. आषाढ ते आश्विन पौर्णिमा बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन अनेक विहारांत होतंच. यंदा ते तरुणांकडे द्या, तेही कामावरून सुटल्यानंतरच्या वेळी. चार पानं झाली की पुस्तक मिटून प्रश्न विचारू द्या. अवघड प्रश्नांमुळे ज्येष्ठांनी दुखावून घेऊ नये. गृहत्यागाच्या रूढ कथेला, चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीला बाबासाहेबांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच प्रश्न विचारले आहेत.

ज्येष्ठांनी व्याख्यान देऊ नये, आठवण सांगावी. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव काढले तेव्हा आजी काय म्हणाली, लग्न कसं लागलं, गावाने पाणी तोडलं का. हे कुठल्याही पुस्तकात मिळत नाही, आणि सांगणारे आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलांनी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावं.

आणि समितीत तरुणांना जागा द्या. खुर्च्या लावण्यापुरती नव्हे, हिशेबाची वहीही त्यांच्या हाती द्या.